सोज्ज्वळ प्रणयकथा आणि तिची वाचक : एका परवानगीचा इतिहास

१

मराठी समीक्षेने ज्या कादंबरीप्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष दिले आणि ज्याच्याविषयी सर्वांत ठाम मत बाळगले, तो प्रकार म्हणजे सोज्ज्वळ प्रणयकादंबरी. ‘बायकी’, ‘बाळबोध’, ‘दुपारच्या वाचनाची’, ‘ग्रंथालयी’ अशा विशेषणांनी तिची बोळवण होत आली आहे. ही विशेषणे नीट पाहिली, तर ती कादंबरीच्या रचनेविषयी फारसे काही सांगत नाहीत, असे आढळते. ती कादंबरी कोण वाचते, केव्हा वाचते आणि कोठून आणून वाचते, एवढेच ती सांगतात. म्हणजे ज्याला आपण वाङ्मयीन मूल्यनिर्णय समजतो, तो बऱ्याच अंशी वाचकाविषयीचा निर्णय आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हा वाचक, किंबहुना ही वाचक, आहे.

‘सोज्ज्वळ’ या शब्दाचा अर्थ येथे मर्यादित ठेवला पाहिजे. ज्या कादंबरीत स्त्री-पुरुषांचे प्रेम हा मुख्य विषय असतो, जिच्यात देहसंबंधाचे वर्णन टाळलेले असते, जिचा शेवट सद्वर्तनाच्या बाजूने लागतो आणि जी वाचल्याने मनाला काही उन्नत प्रेरणा मिळावी अशी अपेक्षा असते, तिला येथे सोज्ज्वळ प्रणयकादंबरी म्हटले आहे. अमेरिकेत या प्रकाराला प्रकाशनव्यवसायाने स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र फळी दिली. तेथील ‘प्रेरणादायी’ प्रणयकादंबरी ही मुख्यतः प्रॉटेस्टंट श्रद्धेच्या परिघात वाढली. ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल या लेखिकेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचा पाया घातला आणि १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या जॅनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ या कादंबरीपासून तिचा आधुनिक बाजार उभा राहिला. मराठीत अशी पाटी कोणत्याही फळीवर लागलेली नाही. परंतु पाटी नसली म्हणून प्रकार नव्हता, असे होत नाही. उलट, मराठी कादंबरीचा आरंभच श्रद्धेची प्रेरणा देऊ पाहणाऱ्या एका दांपत्यकथेने झाला, ही वस्तुस्थिती आपण पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे : सोज्ज्वळता हा संहितेचा अंगभूत गुण नसून तो घराशी केलेला एक करार आहे. स्त्रीने वाचावे की नाही, हा प्रश्न ज्या समाजात वाचनाच्या आधी उभा राहतो, तेथे कादंबरीला घरात येण्यासाठी परवानगी लागते. ती परवानगी सोज्ज्वळतेने मिळते. मात्र परवानगी मिळाल्यावर वाचक त्या पुस्तकाचे काय करते, हे परवानगी देणाऱ्याच्या हाती राहत नाही. या दोन गोष्टींमधील अंतर हाच या प्रकाराचा खरा इतिहास होय.

२

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्याच वर्षी विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झालेला होता. बाबांनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती आणि मराठी ख्रिस्ती गद्यासमोर बोधपर कथनाचा एक नमुनाही होता : हरी केशवजी यांनी बन्यनच्या ग्रंथाचे केलेले ‘यात्रिक क्रमण’ हे भाषांतर १८४१ सालचे. यात्रेच्या रूपकातून आत्म्याची उन्नती दाखविणारा तो साचा बाबांनी भूगोलावर उतरविला. यमुना आणि तिचा पती विनायकराव प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवांची दैना पाहतात. पुढे अपघाताने विनायकरावांचा अंत होतो, यमुनेवर वैधव्य येते आणि शेवटाकडे ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते.

या कादंबरीची चर्चा आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाली. एक, तिला पहिली मराठी कादंबरी म्हणावे की नाही. आणि दोन, विधवांच्या प्रश्नाचा सामाजिक दस्तऐवज म्हणून तिचे मूल्य काय. दोन्ही चर्चा आवश्यकच होत्या. पण त्यांत एक गोष्ट निसटली. यमुना आणि विनायकराव हे मराठी गद्यकथेतील पहिले एकमेकांशी बोलणारे पती-पत्नी आहेत. वाटेत जे दिसते त्याविषयी ते चर्चा करतात, मतभेद आणि शंका बोलून दाखवितात. ज्या काळी वरिष्ठ जातींच्या घरांत तरुण दांपत्याने वडीलधाऱ्यांसमोर परस्परांशी बोलणे अमर्याद समजले जाई, त्या काळी घर मागे टाकून दोघांनी एकत्र प्रवास करणे, हाच एक प्रणयप्रसंग होता. ‘पर्यटन’ या शब्दात विधवांची पाहणी आहे, तसाच सासरच्या माजघरापासून मिळालेला अवकाशही आहे. बोधाच्या आवरणाखाली बाबांनी सहजीवनाचे चित्र घरात आणून ठेवले.

चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. तिची प्रकृती अगदी भिन्न आहे. दुष्ट शुक्लाक्षाची कारस्थाने, धनशंकर व मुक्तामाला या दांपत्याची ताटातूट, संकटांची मालिका आणि अखेरीस पुनर्मीलन असा तिचा अद्भुतरम्य घाट. भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कादंबऱ्यांपासून मराठी कादंबरीच्या तीन वेगळ्या प्रवृत्ती निघाल्याची मांडणी केली आणि ती पुढील अभ्यासाला फार उपकारक ठरली. लेखकाचा वास्तवाशी असलेला संबंध हा निकष धरला, तर पहिल्या दोन कादंबऱ्या परस्परांपासून दूर जातात, हे खरेच आहे. परंतु वाचकाच्या बाजूने पाहिले, तर त्या अनपेक्षितपणे जवळ येतात. दोहोंची नायिका विवाहित आहे. दोहोंत प्रेम हे पती-पत्नींमधले आहे. दोहोंत नायिकेची कसोटी पतीच्या अभावात लागते. एकीत मृत्यूने, दुसरीत ताटातुटीने.

हे साम्य योगायोगाचे नाही. रिचर्डसनच्या ‘पॅमेला’पासून (१७४०) इंग्रजी सोज्ज्वळ प्रणयकादंबरीने जो साचा घडविला, त्यात सद्वर्तनाची परीक्षा विवाहापूर्वी होते आणि विवाह हे त्या परीक्षेचे बक्षीस असते. आठव्या-नवव्या वर्षी मुलीचे लग्न होणाऱ्या समाजात ही परीक्षा घेण्यास जागाच नाही. नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही अडचण स्पष्टपणे बोलून दाखविली आहे. आपल्या लोकांतील विवाहादी चालीरीतींमुळे त्यांच्या जीवनात चित्तवेधक असे काही आढळत नाही; म्हणून रोजच्या अनुभवाचे लिहावे तर रंजकता येत नाही आणि रंजक लिहावे तर अद्भुताकडे वळणे भाग पडते, असा त्यांचा आशय आहे. रिसबुडांची ही कैफियत सामान्यतः वास्तववादाच्या अभावाचे कारण म्हणून उद्धृत होते. ती प्रणयकथेच्या शक्यतेविषयीची कैफियत म्हणूनही वाचली पाहिजे. प्रेम विवाहाआधी घडू शकत नाही, हे गृहीत धरल्यावर लेखकासमोर दोन वाटा उरतात. एक, राजकुलातल्या, वयात आलेल्या नायिकेच्या अद्भुत प्रदेशात जाणे. ती वाट स्वतः रिसबुडांनी धरली. दुसरी, प्रेम विवाहानंतर घडते असे दाखविणे. मराठी सोज्ज्वळ कादंबरीची मुख्य वाट ही दुसरी होती. आधी मान्यता, मग प्रेम, हा तिचा क्रम.

१८७२ साली का. बा. मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ लिहून अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा समाचार घेतला. मराठीतील कादंबरीसमीक्षेचा हा आरंभ. या समीक्षेच्या मुळाशी असंभाव्यतेची तक्रार होती, तशीच वाचनाच्या परिणामांची काळजीही होती. कादंबरी कशी आहे आणि ती वाचणाऱ्याचे काय होईल, हे दोन प्रश्न तेव्हापासून आपल्याकडे एकमेकांत गुंतलेले आहेत.

३

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः छापण्यास प्रारंभ केला. ती १८९३ मध्ये ग्रंथरूपाने आली. ‘करमणूक’ हे नाव रंजनाचे असले, तरी तिचे धोरण कुटुंबातील सर्वांच्या हाती देता येईल असे बोधयुक्त रंजन पुरविण्याचे होते. म्हणजे परवानगीचा करार येथे नियतकालिकाच्या पातळीवर झाला. प्रत्येक पुस्तकाची वेगळी पारख करण्याऐवजी एका संपादकाच्या नावावर विश्वास ठेवून आठवड्याला एक अंक घरात येऊ लागला. पुढे १८९५ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी सुरू केलेल्या ‘मासिक मनोरंजन’ने हीच व्यवस्था अधिक विस्तृत केली.

आपट्यांच्या नायिकेचे नावही यमुनाच असावे, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. या यमूच्या कहाणीत वैधव्याचा, छळाचा आणि केशवपनाचा भाग इतका प्रभावी आहे की, कादंबरी म्हणजे दुःखाचा आलेख असे आपण मानून चालतो. परंतु कादंबरीच्या मध्यभागी मुंबईच्या बिऱ्हाडातील दिवस आहेत. रघुनाथराव यमूला शिकवितो, तिला समवयस्क स्नेही दांपत्यांच्या सहवासात नेतो, तिच्याशी बरोबरीने बोलतो. पतीचे नाव न घेता ‘इकडून’ म्हणणारी यमू जेव्हा त्या दिवसांविषयी सांगते, तेव्हा त्या आडवळणाच्या सर्वनामातच सारी कोमलता साठलेली असते. हे दिवस म्हणजे एक संपूर्ण सोज्ज्वळ प्रणयकथा आहे आणि तिचा आधार नसता, तर उत्तरार्धातील शोकाला एवढी धार आली नसती. वाचक जे गमावल्याबद्दल रडते, ते तिला आधी दाखविलेले असते. अनेकींच्या बाबतीत ते त्यांना स्वतःच्या आयुष्यात कधीच दिसलेले नव्हते.

या काळाची दुसरी बाजू न्यायालयात लिहिली जात होती. रखमाबाई आणि दादाजी यांचा खटला १८८४ साली सुरू झाला. बालपणी झालेल्या विवाहाला आपली संमती नव्हती, म्हणून नांदावयास जाणार नाही, ही रखमाबाईंची भूमिका होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निर्णय दिला. १८८७ मध्ये पुढील निर्णयाने तिला नांदावयास जाण्याचा अथवा सहा महिने तुरुंगात राहण्याचा पर्याय दिला. आणि १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन वय दहावरून बारावर गेले. विवाहाला स्त्रीचे मन लागते की नाही, हा प्रश्न अशा रीतीने सार्वजनिक झाला होता. ‘करमणूक’ची वाचक ही कादंबरी वाचीत होती, ती या कोलाहलात. सुखी दांपत्याचे चित्र तिच्यापुढे येई, ते स्वप्न म्हणून येई आणि मोजपट्टी म्हणूनही येई.

ही वाचक म्हणजे निव्वळ कल्पना नव्हे. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात पतीकडून वाचावयास शिकताना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा जो रोष सोसावा लागला, त्याची हकिगत दिली आहे. काशीबाई कानिटकरही लग्नानंतरच वाचावयास शिकल्या आणि पुढे ‘रंगराव’ (१९०३) या कादंबरीच्या लेखिका झाल्या. दोघींच्या बाबतीत अक्षर आणि पती एकाच दाराने आत आले. ज्या स्त्रीला वाचनच दांपत्यसंबंधातून मिळाले, तिला दांपत्यप्रेमाची कादंबरी ही परकी करमणूक वाटण्याचे कारण नव्हते. शिकविणारा पती ही त्या काळच्या सोज्ज्वळ नायकाची सर्वांत आकर्षक मुद्रा होती, याचा उलगडा येथे होतो.

परंतु कराराची मर्यादाही येथेच दिसते. बाबांच्या यमुनेला पुनर्विवाह मिळाला. आपट्यांच्या यमूला मृत्यू मिळाला. पहिलीची कथा घराच्या धर्माबाहेर जाऊन सुटली, म्हणून ती मिशनच्या परिघाबाहेरच्या घरांत फारशी शिरू शकली नाही. दुसरीची कथा घरातच संपली, म्हणून घरोघर वाचली गेली. कायद्याने १८५६ सालीच मान्य केलेली गोष्ट सोज्ज्वळ कादंबरीला पस्तीस वर्षांनंतरही आपल्या नायिकेला सुखाने देता येत नव्हती. परवानगी ऊब मागण्याची होती, दार उघडण्याची नव्हती.

४

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय चौदा व मुलाचे अठरा ठरविले. कायद्याची अंमलबजावणी ढिली होती, पण शहरी मध्यमवर्गात लग्नाचे वय त्याच्याही पुढे सरकत होते आणि मुली महाविद्यालयांत दिसू लागल्या होत्या. रिसबुडांची अडचण साठ वर्षांनी समाजानेच दूर केली. विवाहापूर्वी स्त्री-पुरुषांची भेट होणे आता असंभाव्य राहिले नाही. ना. सी. फडके यांच्या ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९), ‘अटकेपार’ (१९३१) या कादंबऱ्यांना जो वाचक लाभला, तो या बदलातून आलेला होता. फडक्यांच्या तंत्राविषयी आपण पुष्कळ लिहिले. मात्र त्या तंत्राला लागणारा कच्चा माल, म्हणजे अविवाहित, सुशिक्षित, घराबाहेर पडणारी तरुणी, समाजात नुकताच उपलब्ध झाला होता, हे फारसे लिहिले गेले नाही.

वि. स. खांडेकरांनी याच वेळी प्रणयाला दुसरे अधिष्ठान दिले. ‘दोन ध्रुव’ आणि ‘उल्का’ या १९३४ च्या कादंबऱ्यांत प्रेमाची कसोटी ध्येयाशी लागते. मराठी सोज्ज्वळ परंपरेतील हे महत्त्वाचे वळण आहे. बाबा पदमनजींच्या कथेत प्रेमाला पावित्र्य श्रद्धेने मिळत होते. खांडेकरांच्या कथेत ते सेवेने, त्यागाने, दरिद्री माणसांविषयीच्या कळवळ्याने मिळते. अमेरिकन कादंबरीत देवाला जे स्थान आहे, ते येथे ध्येयवादाने घेतले. नायक नायिकेकडे पाहण्याआधी दोघेही तिसऱ्या एका उच्च गोष्टीकडे पाहतात आणि त्या समान दृष्टीमुळे त्यांचे परस्परांकडे पाहणे निर्दोष ठरते. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या गाजलेल्या वादात फडके आणि खांडेकर दोन टोकांना उभे राहिले. घरातील वाचक मात्र दोघांनाही एकाच कपाटात ठेवीत होती.

त्या कपाटाची सीमा कोठे होती, हे विभावरी शिरूरकरांच्या पुस्तकांनी दाखविले. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) प्रसिद्ध होताच केवढे वादळ उठले, हे सर्वश्रुत आहे. त्या पाठोपाठ आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या कादंबरीत पतीने टाकलेली नायिका विवाहाबाहेरचे सहजीवन स्वीकारते. या पुस्तकांत वर्णनाचा भडकपणा नाही; संयम फडक्यांहून अधिकच आहे. तरीही त्या सोज्ज्वळ ठरल्या नाहीत. कारण त्यांनी क्रम मोडला. मान्यतेच्या आधी मन बोलले आणि तेही स्त्रीचे. सोज्ज्वळतेचा निकष शब्दांच्या मर्यादेत नसून क्रमात आहे, याचा याहून चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही.

या निकषाची अंमलबजावणी करणारी संस्था म्हणजे ग्रंथालय. इंग्लंडमध्ये मुडी यांच्या फिरत्या ग्रंथालयाने १८४२ पासून हे काम केले. कुटुंबात मोठ्याने वाचता येणार नाही, अशी कादंबरी ते ठेवीत नसे. १८८५ साली जॉर्ज मूर यांनी या अघोषित सेन्सॉरशिपविरुद्ध पत्रक काढले, तेव्हा तेथील कादंबरीकारांची कोंडी चव्हाट्यावर आली. आपल्याकडे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. या मोठ्या संस्थांच्या भोवती पुढे गल्लोगल्ली खाजगी वाचनालये झाली. अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी, खाकी कव्हर आणि आतल्या पानावर तारखांचे शिक्के, ही त्यांची ओळख. अनेक घरांत पुस्तक बदलून आणण्याचे काम मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असे. म्हणजे वाचणारी एक आणि निवडणारा दुसराच. त्यामुळे लेखकाचे नाव हीच हमी झाली. ‘अमुक बाईंचे नवीन आले असेल तर आण’ या निरोपात एक संपूर्ण समीक्षाव्यवस्था सामावलेली होती.

५

स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत ही हमी प्रामुख्याने स्त्रियांच्या नावांनी दिली. योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, शकुंतला गोगटे, शैलजा राजे, स्नेहलता दसनूरकर ही नावे वाचनालयांच्या नोंदवह्यांत जितकी आढळतील, तितकी वाङ्मयेतिहासांत आढळत नाहीत. या लेखिकांपैकी क्षेत्रमाडे व अभ्यंकर व्यवसायाने डॉक्टर होत्या आणि जोगळेकर गायिका होत्या. स्वतः घराबाहेर कर्तृत्व गाजविणाऱ्या या स्त्रियांनी घराच्या आतल्या वाचकासाठी लिहिले, या गोष्टीचा विचार व्हावयास हवा. नोकरी करणारी नायिका, मोठ्या मुलीवर पडलेला संसाराचा भार, उशिरा झालेले लग्न, बिजवराशी जुळवून घेताना हळूहळू उमलणारे प्रेम, असे विषय या कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा येतात. ‘आधी मान्यता, मग प्रेम’ हा क्रम येथेही बहुधा टिकून राहतो, पण त्यात एक नवी अट शिरते. पतीने प्रेम मिळवावे लागते. ते लग्नाबरोबर आपोआप मिळत नाही.

सोज्ज्वळतेचा कायदेशीर कस याच काळात एका मराठी कथेवर लागला. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. ती अश्लील असल्याचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरविले. आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. समाजाच्या कसोट्या बदलत असतात आणि कामविषयक उल्लेख म्हणजेच अश्लीलता असे धरले, तर निखळ धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकता येणार नाही, असा त्या निकालपत्राचा आशय होता. त्याच वर्षी याच काकोडकरांच्या ‘निलांबरी’ कादंबरीवर आधारलेला ‘दो रास्ते’ हा राज खोसला यांचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि एकत्र कुटुंबाच्या जिव्हाळ्याची कथा म्हणून सहकुटुंब पाहिला गेला. एकच लेखणी एकाच वर्षी न्यायालयात संशयित आणि कुटुंबात विश्वासू ठरावी, यात विसंगती नाही. सोज्ज्वळता लेखकाच्या स्वभावात किंवा शब्दांत नसते. पुस्तक कोणत्या दाराने आणि कोणाच्या देखत घरात येते, यावर ती ठरते.

या संदर्भात जॅनिस रॅडवे यांच्या ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या अभ्यासाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील एका गावातील प्रणयकादंबऱ्यांच्या नियमित वाचकांशी बोलून रॅडवे यांनी दाखविले की, त्या स्त्रियांच्या लेखी कथानकाइतकीच वाचनाची कृती महत्त्वाची होती. सतत इतरांची काळजी वाहणारी गृहिणी पुस्तक हाती घेते, तेव्हा तेवढा वेळ ती कोणाचीच नसते. हे निरीक्षण मराठी दुपारलाही लागू पडते. परंतु रॅडवे यांच्या वाचकांना पुस्तक वाचण्याबद्दल संकोच वाटे. सोज्ज्वळ कादंबरीच्या वाचकाला तो संकोच नसतो, कारण बोध हे तिच्याजवळचे प्रशस्तिपत्र असते. ती वेळ चोरत नाही, मागून घेते. मागून घेतलेल्या वेळेची किंमत निराळी असते आणि ती कथेच्या शेवटात चुकविली जाते.

जॅनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’चे कथानक येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. पश्चिमेकडे वसाहत करण्यास निघालेल्या मार्टीचा पती अकस्मात मरण पावतो. एकटी, निराधार अशी ती क्लार्क या विधुराशी केवळ सोयीचा विवाह करते; त्याच्या लहान मुलीला आई हवी असते. प्रेम आणि श्रद्धा दोन्ही नंतर, सावकाश येतात. लग्नापूर्वीच्या प्रणयाराधनाची दोन शतकांची परंपरा असलेल्या भाषेत लिहिताना या लेखिकेने विवाह आधी ठेवला आणि नायिका विधवा केली. ‘यमुनापर्यटन’शी तिचा काही संबंध असण्याचे कारण नाही. पण एकाच प्रकारच्या कराराने दोन दूरच्या समाजांत एकाच क्रमाकडे नेले, हे या साम्यावरून दिसते. प्रेमाला जेथे निर्दोष दिसावयाचे असते, तेथे ते मान्यतेच्या पाठीमागून येते. फरक एवढाच की, ओक यांच्या वाचकाच्या दृष्टीने हा क्रम निवडलेला होता. मराठी वाचकाच्या दृष्टीने तो जगलेला होता.

आणि म्हणूनच या वाचनाला पलायन म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. जिचे लग्न ठरवून झाले, तिने लग्नानंतर प्रेम उमलल्याची कथा वाचणे म्हणजे आपल्या आयुष्याच्या मांडणीतच राहून तिच्यात काय असावयास हवे होते, याची यादी करणे होय. त्या यादीत बोलणारा पती होता, शिकविणारा पती होता, नंतर ऐकणारा आणि प्रेम मिळवावे लागते हे जाणणारा पती होता. १८५७ पासून ही यादी लांबत गेली आहे. तिच्यात विवाहाबाहेरचे काही येत नाही, ही तिची मर्यादा खरी. ती मर्यादा परंपरेने घातली, आणि तिच्या आत राहून वाचकाने अपेक्षा मात्र वाढवीत नेली. लेखकांना तिच्या मागे जावे लागले.

६

या इतिहासाकडे दुर्लक्ष झाल्याने समीक्षेचे नुकसान दुहेरी झाले आहे. एक तर आपण कादंबरीच्या प्रवृत्ती लेखकांच्या जीवनदृष्टीवरून पाडल्या आणि वाचकांच्या बाजूने त्या पुन्हा कशा जोडल्या जातात, हे पाहिले नाही. दुसरे, सोज्ज्वळतेला आपण सौंदर्याचा अभाव मानले. ती एक ऐतिहासिक अट होती, हे ओळखले नाही. अट ओळखली म्हणजे तिच्या आतली हालचाल दिसू लागते. ‘पण लक्षांत कोण घेतो?’मधील मुंबईचे दिवस दुःखाची पूर्वतयारी म्हणून न वाचता स्वतंत्रपणे वाचणे, शिरूरकर आणि त्यांच्यानंतरच्या लोकप्रिय लेखिका यांना दोन वेगळ्या वर्गांत न टाकता एकाच सीमारेषेच्या दोन बाजूंना ठेवून पाहणे, ही कामे त्यामुळे शक्य होतील.

त्यासाठी लागणारी सामग्री झपाट्याने नाहीशी होत आहे. खाजगी वाचनालये बंद पडत आहेत आणि त्यांच्या नोंदवह्या, शिक्के मारलेली पाने, शाईने अधोरेखित केलेली वाक्ये रद्दीत जात आहेत. एखाद्या कादंबरीत कोणत्या पानावर शाईची रेघ आहे, हे ज्ञानकोशात सापडणार नाही. मात्र ती रेघ मारणारी वाचक हीच या प्रकाराची पहिली समीक्षक होती. तिने नायक-नायिकेच्या विवाहावर खूण केली नाही, विवाहानंतरच्या एखाद्या संभाषणावर केली, असे आढळले, तर त्याचा अर्थ लावण्याचे काम आपले आहे.